गणवेशाचे साम्य

‘अझुमांगा दायओ’ (२००२) आवडली ना, मग ‘निचिजो’ (२०११) पाहाच, असल्या शिफारशींना आमचा ठाम विरोध आहे. दोन्हींत शाळकरी मुली आणि गणवेश आहेत. तेवढ्याने विनोदाची जातकुळी एक ठरत नाही. चार चौकटींच्या चित्रपट्ट्यांतून आलेली पहिली मालिका अवघडलेल्या शांततेवर विसंबते, दुसरी क्षुल्लक प्रसंगाला महायुद्धाचा आवेश चढवते (तिच्यातले मुख्याध्यापक हरणाशी कुस्ती खेळतात!). ‘क्रोमार्टी हायस्कूल’ (२००३) तर गुंड विद्यार्थ्यांवरील मांगांचे विडंबन. तरीही तिन्ही एकाच फडताळात! पहिलीच्या चाहत्याला दुसरी कर्कश वाटली, तर दोष शिफारस करणाऱ्याचा. त्याला आम्ही अझुमा कियोहिको यांचीच ‘योत्सुबा तो!’ ही मांगा सुचवू. तिची नायिका सुरुवातीला अवघी पाच वर्षांची आहे. शांतता मात्र तीच.