आमदारसाहेब, शाळेचं काय?

दोस्तांनो, कागदपत्रांशिवाय देशात राहणाऱ्या परक्या माणसांना शोधायचं आणि परत धाडायचं, हे अमेरिकेत केंद्र सरकारचं काम. आपल्याकडेही तसंच आहे. मग तिथल्या मुलांनी राज्याच्या आमदाराशी या विषयावर बोलून काय उपयोग? असं तुम्ही विचाराल. तर ऐका.

टेक्सास राज्याच्या आमदारांनी १९७५ साली एक कायदा केला. बेकायदा आलेल्या मुलांच्या शिक्षणाला राज्य पैसे देणार नाही आणि शाळांनी त्यांना दारातून परत पाठवलं तरी चालेल! टायलर नावाच्या गावात १९७७ साली अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला १,००० डॉलर फी मागितली गेली. मजुरी करणारे आईबाप एवढे पैसे कुठून आणणार? चार कुटुंबं कोर्टात गेली. कोर्टात जायचं म्हणजे ‘आम्ही इथं बेकायदा राहतो’ हे आपल्याच तोंडानं सांगायचं. तिथूनच हाकललं तर काय घ्या, म्हणून गाडीत घरचं सामान भरूनच ती मंडळी आली होती! गाजावाजा नको म्हणून न्यायाधीशांनी सुनावणी पहाटे सहाला ठेवली. मुलांची खरी नावंही जाहीर केली नाहीत.

हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १५ जून १९८२ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला : सीमा ओलांडायचं मुलांनी ठरवलेलं नव्हतं, तेव्हा त्यांना शाळेबाहेर ठेवता येणार नाही. फक्त एका मताचा फरक, बरं का!

पण आमदार काही गप्प बसले नाहीत. ॲरिझोनाने २०१० साली पोलिसांना जादा अधिकार देणारा कायदा केला. त्यातली वादात सापडलेली चारपैकी तीन कलमं न्यायालयाने २०१२ मध्ये रद्द केली. अडवलेल्या माणसाचा संशय आला तर पोलिसांनी त्याची चौकशी करायची, हे कलम तेवढं राहिलं. टेनेसीत २०२५ साली पुन्हा शाळेचाच प्रश्न निघाला. सिनेटने १९ विरुद्ध १३ मतांनी बिल मंजूर केलं. दुसऱ्या सभागृहात मात्र ते एप्रिलमध्ये थांबवलं गेलं, कारण शाळांना केंद्राकडून मिळणारा पैसा बंद होईल अशी धास्ती वाटली.

अशा बिलांवर समितीपुढे सुनावणी होते. बऱ्याच राज्यांत तिथं नाव नोंदवून कुणीही बोलू शकतं, मतदार नसलेली मुलंसुद्धा! वेळ मिळतो बहुधा दोन-तीन मिनिटं. पण तिथलं बोलणं जाहीर असतं, त्याची नोंद राहते. म्हणून ज्याच्या घरी कागदांची अडचण आहे त्यानं स्वतः उभं राहू नये. त्याच्या मित्रानं, बाईंनी किंवा शेजारच्या काकूंनी बोलावं. आमदाराच्या कचेरीत पत्र पाठवता येतं, फोनही करता येतो.

आमदार काय म्हणतील? ‘इंग्रजी न येणाऱ्या मुलांसाठी जादा शिक्षक लागतात, तो पैसा करदात्यांचा आहे. कायदा मोडणाऱ्यांना सवलत का द्यायची?’ हा प्रश्न काही वेडगळ नाही. त्यावर नुसतं ‘हा अन्याय आहे’ म्हणून ओरडलात तर ते मान डोलावतील आणि पुढच्या माणसाला बोलावतील. त्यापेक्षा विचारावं : साहेब, चौदा वर्षांचा मुलगा शाळेत नसला तर दिवसभर कुठे असेल? कागद तपासायचे कुणी, गणिताच्या सरांनी? धाकटी बहीण अमेरिकेत जन्मलेली, म्हणजे तिथली नागरिक, आणि थोरला भाऊ नाही, तर एकीला डबा द्यायचा नि दुसऱ्याला घरी बसवायचं का?

कोट्यवधी लोकांच्या प्रश्नांपेक्षा असा एका घरातला प्रश्न टाळायला जड जातो, असं मला वाटतं.

तुमच्यापैकी कुणाची मावशी किंवा काका तिकडे राहत असतील, तर तुमच्या भावंडांना विचारा की त्यांच्या भागाचा आमदार कोण. बऱ्याच जणांना ठाऊक नसेल! आणि या रविवारी घड्याळ समोर ठेवून, दोन मिनिटांत संपेल असं भाषण लिहून पाहा. बाजू कुठलीही घ्या. आईला ऐकवा नि तिला आमदार व्हायला सांगा.