गाडू नका हो!

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. विषय इवलासाच, दोन फुटी काचेच्या पेटीतला.

ज्यांच्या घरी मासे पाळलेत त्यांच्याकडे एक दृश्य हमखास दिसतं. अनुबियास नावाचं जाड, गडद हिरव्या पानांचं रोप खडीत गळ्यापर्यंत पुरलेलं! काही आठवड्यांत ते एकेक पान सोडायला लागतं आणि मग निकाल लागतो, "नागपूरच्या पाण्यात झाडं जगतच नाहीत." पाणी बिचारं निर्दोष. मीही याच गुन्ह्यातला आरोपी. दुकानदार म्हणाला, "झाड आहे तर मातीतच लावा लागते नं सर!" मी मान डोलावली आणि दोन रोपं कुजवली.

राग त्याच्यापेक्षा स्वतःचाच जास्त आला. आयुष्यभर भाषा शिकवली. 'मूलक्षोड' हा शब्द विज्ञानाच्या तासाला घोकणारी पोरं बाजूच्या वर्गातून ऐकली. हळद, आलं ही उदाहरणं लिहिली की एक मार्क! पण शब्द फोडून बघा ना. क्षोड म्हणजे खोड. मुळासारखं आडवं पसरणारं, पण खोडच. अनुबियासचं, जावा फर्नचं ते हिरवं, बोटासारखं आडवं दांडकं म्हणजे हेच. पानं त्याच्यातूनच फुटतात. शब्द पाठ होता, अर्थ मात्र पेटीत हात घातला तेव्हा आठवला नाही. आपलं सगळं शिक्षण असंच आहे की काय, अशी शंका येते. असो.

आता कोणी म्हणेल, "काका, वायगावची हळद तर जमिनीतच लावतात!" खरं आहे. पण भुसभुशीत, निचऱ्याच्या जमिनीत. शेतात पाणी साचलं की हळदीलाही कंदकूज होते, शेतकऱ्याला विचारा. दुसरा म्हणेल, "कमळ तर चिखलातच असतं!" त्यासाठी कमळकाकडी आडवी चिरून बघा. ती भोकं म्हणजे हवेच्या नळ्या, पानांकडून खाली हवा नेणाऱ्या. अनुबियासकडे ती सोय नाही. ते मूळचं आफ्रिकेतलं, ओढ्याकाठी, दगडाला, ओंडक्याला धरून सावलीत वाढणारं. शोट या शास्त्रज्ञाने 1857 मध्ये त्याला अनुबिस या इजिप्तच्या मृतांच्या देवाचं नाव दिलं. म्हणून आपण त्याला पुरलंच पाहिजे असं थोडंच आहे?

करायचं एवढंच. रोप दगडावर किंवा लाकडावर ठेवा आणि साध्या सुती दोऱ्याने बांधा. दोरा काही महिन्यांत विरतो, तोवर मुळांनी पकड घेतलेली असते. दोरा नको असेल तर सायनोअ‍ॅक्रिलेटच्या जेलचा एक थेंब पुरे (फेविक्विकच्याच जातीचं ते). मुळं खडीत गेली तर जाऊ द्या, दांडकं उघडं हवं. आधीच पुरलं असेल तर आजच उपसा. मऊ, वास मारणारा भाग स्वच्छ ब्लेडने कापा आणि कडक उरलेला तुकडा बांधा. दोन-तीन पानं असली तरी तो पुन्हा उभा राहतो.

जागेचंही तसंच. आपण महागाचं रोप हौसेने ट्यूबच्या बरोबर खाली, मधोमध बसवतो. हे रोप सावलीतलं आणि वाढीला अति हळू. भर उजेडात त्याच्या पानावर शेवाळ चढतं. त्याला पुढे, कडेला, लाकडाच्या आडोशाला बसवा. उंच वाढणारं जावा फर्न मागे. दांडक्याचं वाढतं टोक मोकळ्या जागेकडे असू द्या, कारण ते आडवंच चालत जाणार. आणि जावा फर्नच्या पानाखालचे ओळीने आलेले तपकिरी ठिपके रोग समजून कापू नका. फर्नला बिया नसतात, ते ठिपके म्हणजे त्याच्या बीजाणूंचे पुंजके!

शेवटचं, दर रविवारी उपटून नवी मांडणी करण्याची हौस आवरा. मुळांना धरायला वेळ लागतो. माझं तिसरं रोप दगडावर बसलंय. आमच्या मेमधून, कूलरच्या घरघरीतून तगलं. परवा त्याला नवं पान आलं आणि मी घरातल्या सगळ्यांना हाका मारून दाखवलं.

तुमच्याकडे कोणी गाडलेलं आहे का? हात घाला पाण्यात. वाट कसली बघताय?