शाळा गाडीसारखी का नको?

आपल्या शाळेच्या भिंतीवर आगगाडी रंगवायची असे चालले आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी जिल्हा परिषद शाळांनी तशी रंगवली आहे. वर्ग म्हणजे डबा. पण काही मोठी माणसे म्हणतात, "शाळा शाळेसारखी असू द्या, नसते सोंग कशाला?" मला हे पटत नाही.

असले सोंग आपल्या मावळात फार जुने आहे. भाज्याचे लेणे दगडाचे, पण त्यात लाकडी घरासारखे सज्जे नि कठडे कोरले आहेत. कार्ल्याला तर व्हरांड्याच्या भिंतीवर मजल्यावर मजले आणि खाली मोठे हत्ती. जणू हत्तींनीच माडी पाठीवर घेतली आहे! हे दगडी घर जंबुद्वीपात उत्तम आहे, असा भूतपाल शेठचा लेख तिथे आहे. त्याला जवळजवळ २००० वर्षे झाली, तरी माणसे डोंगर चढून बघायला येतात. मग पहिलीची पोरे रडत येतात, ती गाडी बघून पळत नाही का येणार?

पण एक सांगते. आधी कौले शाकारा. मावळचा पाऊस साधा नाही, आमच्या वर्गात गळते तिथे बादली ठेवावी लागते. गळक्या डब्यात कोण बसेल?

आलेल्या पालकांना विनंती, कौले आधी, रंग नंतर. पण गाडी पाहिजेच.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी