जास्वंदीची मॉरिशसची बहीण

मॉरिशसला नोकरीसाठी आलेल्या मराठी माणसाला अंगण असलेलं घर मिळालं की तो हमखास तीन झाडं लावतो. तुळस, कढीपत्ता आणि लाल जास्वंद. पहिल्या दोघांशी माझं काही भांडण नाही (कढीपत्त्याशी भांडून जगायचं कसं?). भांडण आहे ते जास्वंदीशी. खरं तर त्या बिचारीशीही नाही, तिला 'इथलीच' समजून कुंपणभर लावत सुटलेल्यांशी आहे. त्यात रिसॉर्टवाले आले, व्हिला बांधणारे बिल्डर आले, आणि एबेनच्या काचेच्या इमारतींत बसून कोड लिहिणारे आपणही आलो.

कारण या बेटावर जास्वंदीची एक बहीण राहते. इथले लोक तिला मान्द्रिनेत म्हणतात, शास्त्रीय नाव हिबिस्कस फ्रॅजिलिस. लालसर फुलांचं झुडूप. रानात ते जगात फक्त मॉरिशसमध्ये सापडतं, आणि मॉरिशसमध्येही फक्त दोन डोंगरांवर : नैर्ऋत्य टोकाचा ल मॉर्न आणि दुसरा कोर द गार्द. रानात उरलेली झाडं 50 पेक्षाही कमी. आमच्या ऑफिसात एका मजल्यावर यापेक्षा जास्त माणसं बसतात!

ही वेळ कशी आली त्याची बरीचशी कारणं जुनी आहेत. उसासाठी जंगल कापलं. आज चांगल्या अवस्थेतलं मूळ जंगल बेटाच्या 2 टक्क्यांहूनही कमी उरलंय. जे उरलं त्यात बाहेरून आलेला चिनी पेरू आणि प्रिव्हेट माजलेत. हरणं आणि माकडंही माणसांनीच बोटीतून आणली. हे सगळं आपल्या आधीचं, म्हणून सोडून देऊ. पण एका कारणात आपला थेट हात आहे. बागेतली जास्वंद आणि रानातली मान्द्रिनेत यांचा संकर होतो. बागेतला पराग तिच्या फुलावर पडला की बी मिश्र. त्या बीचं झाड दिसायला साधारण तसंच, पण मान्द्रिनेत नव्हे. असं पिढ्यान् पिढ्या चाललं तर एक दिवस शुद्ध झाड शोधूनही मिळणार नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर कुणीही न विचारता मुख्य ब्रँचमध्ये मर्ज करतंय, आणि रोलबॅक नाही.

गंमत म्हणजे ही हौसही याच बेटावरची. चार्ल्स टेलफेअर नावाच्या माणसाने साधारण 1820 मध्ये मॉरिशसला बागेतल्या जास्वंदीचा संकर जवळच्या रॉड्रिग्ज बेटावरच्या लिलीफ्लोरस या जातीशी केला. जास्वंदीच्या ज्ञात संकरांपैकी हा अगदी सुरुवातीचा. आज पुण्यामुंबईच्या नर्सरीत ताटाएवढ्या फुलांची हायब्रिड जास्वंद आपण हौसेने घेतो, त्या घराण्यात या बेटांच्या झाडांचाही वाटा आहे. आणि ती लिलीफ्लोरस स्वतः? रॉड्रिग्जच्या रानात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. घराणं जगभर आणि आजी उपाशी, असला प्रकार.

आता लोक काय म्हणतात ते ऐका. "दुर्मिळ झाड आहे ना, मग ते सरकारने बोटॅनिकल गार्डनमध्ये सांभाळावं." अहो, ज्याला एका डेटा सेंटरवर सगळा बॅकअप ठेवायचा सल्ला दिला तर झोप लागणार नाही, तोच माणूस हे बोलतो! दोन डोंगर आणि चार बागा. हे वादळांचं बेट आहे. एक चक्रीवादळ, एक वणवा, एक नवी कीड. पन्नास अंगणांत पन्नास झाडं असणं यालाच बॅकअप म्हणतात.

मात्र बॅकअप म्हणजे हुबेहूब प्रत. म्हणून माझा हट्ट आहे की मान्द्रिनेत लावायची ती छाटकलमाचीच, बागेतल्या बियांची कधीच नाही. बागेत बी धरलं तर बाप कोण हे आसपासची जास्वंद ठरवते. छाटकलम अवघड नाही. पेन्सिलीएवढ्या जाडीची वीतभर फांदी डोळ्याच्या जरा खाली तिरकी कापायची, खालची पानं काढायची, वाळू आणि कोकोपीटमध्ये खोचून सावलीत ओलसर ठेवायची. वरून प्लॅस्टिकची पिशवी. काही आठवड्यांत मुळं धरतात. पुढे निचरा चांगला ठेवा. कड्यावर वाढणारं झाड आहे, पाय पाण्यात ठेवून बसायची त्याला सवय नाही. पिठ्या ढेकूण दिसला तर साबणाचं पाणी.

आणि कृपा करून ट्रेकला जाऊन डोंगरावरची फांदी तोडून आणू नका. तसंच घरी वाढवलेलं रोप पुण्यकर्म म्हणून डोंगरावर नेऊन लावू नका. ते काम ज्यांचं आहे त्यांना करू द्या. पुण्याच्या टेकड्यांवर हिरवंगार दिसावं म्हणून लावलेल्या ग्लिरिसिडियाचं काय झालं ते आपण बघतोच आहोत.

सगळ्यात नाजूक मुद्दा बाप्पाचा. गणेश चतुर्थीला इथे सार्वजनिक सुट्टी असते. एकोणिसाव्या शतकात कोकणातून आलेल्या मराठी कुटुंबांनी हा सण इथे रुजवला, आणि लाल फुलाशिवाय त्यांचा गणपती बसत नाही, आपलाही नाही. मान्य. पण त्याला लाल फूल आवडतं, त्याने लॅटिन नाव विचारल्याचं ऐकिवात नाही. अंगणातल्या मान्द्रिनेतचं एक फूल त्याला वाहायला माझी तरी काही हरकत नाही. उलट जास्वंद म्हणजे परंपरा म्हणणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं, ती जास्वंदही रानात कुठे आपोआप उगवत नाही, माणसांनीच बोटींतून फिरवलेली आहे.

ल मॉर्न किंवा कोर द गार्दच्या पायथ्याशी घर असेल तर माझं मत सरळ आहे, जास्वंद काढा. तिथल्या हॉटेलांनीही काढावी, पाहुणे समुद्र बघायला येतात, कुंपण बघायला नाही. बाकी ठिकाणची असू द्या, फक्त तिच्या शेजारी धरलेलं बी कुणाला वाटू नका.

नर्सरीत गेलात तर दोन प्रश्न विचारा. हे रोप छाटाचं की बियाचं, आणि आईझाड कुठल्या डोंगराचं? उत्तर देताना माणूस चाचरला तर घेऊ नका. बऱ्याच ठिकाणी "मान्द्रिनेत नाही, जास्वंद घ्या, पटकन वाढते" असंच ऐकायला मिळेल. दहा जणांनी दहा वेळा विचारलं की तोच माणूस कुठूनतरी रोप मिळवेल. आजवर त्याच्याकडे आपण दुसरं काही मागितलंच नाही ना.