दिसले म्हणजे कळले का?

‘इंजिन खोलावे लागेल,’ असे मेकॅनिकने म्हटले की मोटारमालकाची बोलती बंद होते. आत काय बिघडले ते त्याला दिसत नसते. आता पेन्सिलीहून बारीक, टोकाला दिवे असलेला स्वस्त कॅमेरा मोबाईलला जोडून घरीच आत डोकावता येते. गार झालेल्या पेट्रोल इंजिनाचा स्पार्क प्लग काढून त्या भोकातून तो सोडला, की पिस्टनवरची काजळी नि सिलिंडरच्या भिंतीवरचे ओरखडे दिसतात. याचे मी स्वागतच करतो.

पण पाहणे म्हणजे जाणणे नव्हे. तेल धरून राहावे म्हणून कारखान्यातच त्या भिंतीवर बारीक, एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेघा कोरतात. नवशिक्याला त्याही ओरखडेच वाटतील! शिवाय कॉम्प्रेशन किती उरले, हे कॅमेऱ्याला दिसत नाही. ते मापकानेच कळते.

म्हणून माझे मत असे की, हा कॅमेरा मेकॅनिकला खोटे पाडण्यासाठी नव्हे, नेमका प्रश्न विचारण्यासाठी वापरावा. ‘हा उभा ओरखडा कशाने पडला?’ असे विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला उडवून लावता येत नाही. आणि प्रामाणिक कारागिराला असेच गिऱ्हाईक हवे असते.