फिडेल कॅस्ट्रो : न्याय दिला, स्वातंत्र्याचे काय?

क्युबाचे क्रांतिकारी नेते फिडेल कॅस्ट्रो यांचे २५ नोव्हेंबर २०१६ रोजी वयाच्या ९० व्या वर्षी निधन झाले. त्यांच्या वारशाविषयीचा वाद मात्र आजही मिटलेला नाही. काहींच्या मते ते गोरगरिबांचे कैवारी होते, तर काहींच्या मते निष्ठुर हुकूमशहा.

कॅस्ट्रो यांचे शालेय शिक्षण येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली झाले. १९५९ साली बॅटिस्टा यांची जुलमी राजवट उलथवून ते सत्तेवर आले, तेव्हा अनेक श्रद्धावंतांनीही त्यांचे स्वागत केले होते. १९६१ साली त्यांनी मार्क्स-लेनिनवादाचा उघड स्वीकार केला. त्याच वर्षीच्या साक्षरता मोहिमेत सुमारे एक लाख विद्यार्थी खेडोपाडी गेले आणि लाखो प्रौढ लिहू-वाचू लागले. ही कामगिरी नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. परंतु त्याच वर्षी सरकारने ख्रिस्तसभेच्या शाळा ताब्यात घेतल्या आणि शंभराहून अधिक धर्मगुरूंना ‘कोवादोंगा’ जहाजातून देशाबाहेर धाडले.

एकाच वर्षातील या दोन घटनांत त्यांच्या विचारसरणीचे मर्म दडले आहे. गरिबाला भाकरी, औषध आणि अक्षर मिळाले पाहिजे. मात्र देणारा हात केवळ राज्यसत्तेचा असावा, हा त्यांचा आग्रह होता. वेगळा विचार करणारा प्रत्येक जण मग क्रांतीचा शत्रू ठरला. हाइमे ओर्तेगा या तरुण धर्मगुरूंना १९६६ साली श्रमछावणीत डांबण्यात आले.

सोव्हिएत संघ कोसळल्यावर धोरण सौम्य झाले. १९९२ साली राज्यघटनेतील नास्तिकतेचा पुरस्कार वगळण्यात आला; १९९७ साली नाताळची सुट्टी परत मिळाली. जानेवारी १९९८ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल क्युबात आले. त्यांनी राजकीय कैद्यांसाठी दयेची याचना केली, तसेच अमेरिकेच्या आर्थिक निर्बंधांवरही टीका केली. पुढे कार्डिनल झालेल्या ओर्तेगा यांच्याच मध्यस्थीमुळे २०१० साली ५२ राजकीय कैद्यांच्या सुटकेचा मार्ग मोकळा झाला. छळ सोसलेल्या माणसाने सूड न घेता संवाद साधला!

जुलै २०२१ मध्ये अन्न, औषधे आणि स्वातंत्र्य मागत हजारो क्युबन रस्त्यावर उतरले. शेकडोंना तुरुंगवास घडला. क्रांतीने ज्यांना अक्षरे शिकवली, त्यांच्याच नातवंडांनी हातात फलक घेतले होते. माणसाला वाचायला शिकवल्यावर, त्याने काय बोलावे हे सत्तेला कायमचे ठरवता येत नाही. गरिबांची सेवा आणि सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य यांची फारकत झाली, की न्यायही अपुराच राहतो.