रानटी कोणास म्हणावे?

कला ही भरल्या पोटाची चैन होय. आदिमानवाचे पोट तर नित्य रिकामे. तेव्हा त्यास कला कोठून सुचणार? एकोणिसाव्या शतकातील युरोपीय पंडितांचा तर्क हा असा होता. या तर्कापायी एका प्रामाणिक गृहस्थाची इभ्रत कशी धुळीस मिळाली, ती हकिगत आमच्या वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१८७९ साली उत्तर स्पेनमधील अल्तामिराच्या गुहेत मार्सेलिनो सान्स दे साउतुओला हे हाडे व दगडी हत्यारे शोधीत होते. त्यांची दृष्टी जमिनीवर खिळलेली; बरोबर आलेल्या त्यांच्या चिमुकल्या मारियाची मात्र छताकडे गेली. तेथे तांबड्या व काळ्या रंगांत रानबैल रंगविलेले होते. खडकाचे नैसर्गिक उंचवटे हेरून चित्रकाराने जनावरांच्या अंगास गोलाई आणली होती. ही चित्रे अश्मयुगातील आहेत, असे साउतुओलांनी १८८० साली प्रसिद्ध केले आणि विद्वानांनी त्यांची कुचेष्टा आरंभिली. चित्रे फार सुंदर आहेत, एवढाच काय तो अपराध! रानट्यांच्या हातून असे सौंदर्य निपजणे शक्य नाही, सबब ही अलीकडची लबाडी, असा निवाडा झाला. १८८८ साली साउतुओला तो कलंक माथी घेऊनच निवर्तले.

पुढे फ्रान्समधील गुहांतही तशीच चित्रे आढळली, तेव्हा त्यांचे कडवे विरोधक एमील कार्तायाक यांनी १९०२ साली आपली चूक जाहीरपणे कबूल केली. त्या कबुलीतील मोठेपणा आम्ही नाकारीत नाही. परंतु जिच्यावर ज्यांचा हक्क होता, ते ऐकावयास उरले नव्हते. पंडित चुकले ते पुराव्याच्या अभावी नव्हे. पुरावा छतावर होता. शहाणे कोण आणि रानटी कोण, हे त्यांनी गुहेत शिरण्यापूर्वीच ठरविले होते.

आज पुरावा त्याहूनही मागील काळात पोहोचला आहे. इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरील एका गुहेत एक रानडुक्कर आणि त्याच्या सभोवार तीन मानवसदृश आकृती रंगविलेल्या आहेत. चित्रावर साचलेल्या चुन्याच्या पापुद्र्याचे वय मोजून, ते चित्र किमान ५१,२०० वर्षांपूर्वीचे असल्याचे संशोधकांनी २०२४ साली जाहीर केले. नुसते डुक्कर काढले असते तर ते डुक्करच राहिले असते. माणसे त्याच्यासमोर उभी केली की 'मग काय झाले?' हा प्रश्न आपोआप उठतो. आणि जेथे हा प्रश्न उठतो तेथे गोष्ट सुरू होते. लेखनविद्या पाच हजार वर्षांची, शेती सुमारे बारा हजार वर्षांची. गोष्ट या दोहोंहून कितीतरी वडील आहे!

आपल्या देशातही हे धन आहे. नीमच येथे जन्मलेले माळव्याचे मराठी पुराविद विष्णु श्रीधर वाकणकर स्वतः चित्रकार होते. १९५७ साली भोपाळनजीकच्या टेकड्यांवरील खडक दुरून पाहून त्यांची पावले तिकडे वळली आणि भीमबेटकाची चित्रसृष्टी जगापुढे आली. शिकार, समूहनृत्य, मध काढणारी माणसे, असा सारा संसार तेथे खडकावर मांडलेला आहे. २००३ साली युनेस्कोने त्यास जागतिक वारशाचा मान दिला.

तरीही निरक्षर तो असंस्कृत, अरण्यवासी तो अडाणी, हा अल्तामिराच्या पंडितांचा समज आपल्यातून गेलेला नाही. आणि दुसरीकडे, हजारो वर्षांच्या चित्रांवर खिळ्याने वा कोळशाने स्वतःचे नाव ओढणारा प्रवासी बहुधा शाळा शिकलेलाच असतो. भीमबेटकाच्या भिंती असोत वा गोव्यात कुशावतीच्या काठी उसगाळीमळ येथील जांभ्यावर कोरलेल्या आकृती असोत, त्यांचे रक्षण सरकारी कुंपणाने निम्मेच होईल. उरलेले निम्मे आपणच करावयाचे आहे. अंधारात दिवा धरून ज्याने चित्र काढले तो रानटी, की दिवसाउजेडी ते खरवडणारा? वाचकांनीच निवाडा करावा.